विश्लेषण : अमोनियाचा हिशेब मांडणारे आचार्य प्रफुल्लचंद्र रे वर्ध्याच्या ग्रामोद्योगापर्यंत कसे पोहोचले?

वर्ध्यात डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघाच्या सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, सी. व्ही. रामन यांच्याबरोबर आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांचेही नाव होते. पारा आणि अमोनिया यांच्या संयुगांवर लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिणारा हा रसायनशास्त्रज्ञ. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ आणि खादी यांच्याशी त्यांचा संबंध कसा आला? धातूच्या संयुगात दडलेला अमोनिया मुळात मोजतात कसा? आणि त्या मोजणीचा आजच्या शेतकऱ्याशी संबंध काय? याविषयी...

कोण होते प्रफुल्लचंद्र रे?

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी राडुली या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशातील खुलना जिल्ह्यात आहे. वडील हरिश्चंद्र रे जमीनदार होते आणि वाचनाचे शौकीन होते. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी कुटुंब कोलकात्याला आणले. शाळेत असतानाच प्रफुल्लचंद्रांना आमांशाचा गंभीर आजार झाला. शाळा सुटली आणि प्रकृती कायमची नाजूक झाली. आयुष्यभर त्यांना जेवणाखाण्याचे पथ्य पाळावे लागले. मात्र आजारपणाच्या त्या काळात घरच्या पुस्तकांचा त्यांनी फडशा पाडला.

महाविद्यालयात असताना प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांची रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकून ते या विषयाकडे वळले. १८८२ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरा विद्यापीठात गेले. तेथे अलेक्झांडर क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली शिकून त्यांनी १८८७ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता तांबे-मॅग्नेशियम गटातील धातूंचे संयुक्त सल्फेट. विद्यार्थी असतानाच त्यांनी १८५७ च्या उठावाआधीचा आणि नंतरचा भारत या विषयावर ब्रिटिश राजवटीची कठोर चिकित्सा करणारा निबंध लिहिला होता.

मायदेशी परतल्यावर काय झाले?

१८८८ मध्ये ते परतले, पण सुमारे वर्षभर नोकरी मिळाली नाही. त्या काळातला बराच वेळ त्यांनी मित्र जगदीशचंद्र बोस यांच्या घरी काढला. १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात महिना २५० रुपयांवर हंगामी सहायक प्राध्यापकाची जागा मिळाली. शिक्षण खात्यातील वरची श्रेणी प्रामुख्याने युरोपियनांसाठी होती. भारतीयांची नेमणूक बहुधा प्रांतिक श्रेणीत होई आणि तिचा पगारही कमी असे. एडिंबराची सर्वोच्च पदवी असूनही रे प्रांतिक श्रेणीतच राहिले.

त्यांच्या पुढच्या कामाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. पगार आणि हुद्दा सरकार ठरवत होते, पण संयुगाचे पृथक्करण तराजू आणि ब्युरेट यांच्यावर ठरत होते. कोलकात्यात काढलेला आकडा बरोबर असेल, तर तो लंडनमध्ये आणि बर्लिनमध्येही तोच यायला हवा.

सुरुवात तेल-तुपाच्या भेसळीपासून का?

त्यांचे सुरुवातीचे मोठे संशोधन मोहरीचे तेल आणि तूप यांवर होते. बाजारात मिळणाऱ्या तेल-तुपात भेसळ किती, हे ओळखायचे तर आधी शुद्ध तेल-तुपाचे गुणधर्म ठाऊक हवेत. त्यासाठी त्यांनी खात्रीच्या ठिकाणाहून नमुने मिळवले, ते स्वतः तपासले आणि १८९४ मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालच्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. शुद्धतेचे माप आधी ठरवावे आणि मगच भेसळीचा आरोप करावा, हा क्रम त्यांनी पाळला. चाळीस वर्षांनी वर्ध्याचा संघ घाणीच्या तेलाचा पुरस्कार करू लागला, तेव्हा या विषयाचे हे जुने अभ्यासक सल्लागारांत होते.

पाऱ्याचे पिवळे स्फटिक काय होते?

१८९५-९६ च्या सुमारास रे कॅलोमेल म्हणजे मर्क्युरस क्लोराइड तयार करण्याच्या खटपटीत होते. त्यासाठी आधी मर्क्युरस नायट्रेट हवे होते. थंड, सौम्य नायट्रिक आम्लात जास्तीचा पारा ठेवला असता पिवळे स्फटिक तयार झाले. ते अपेक्षित पदार्थाचे नव्हते. पृथक्करण केल्यावर तो मर्क्युरस नायट्राइट असल्याचे आढळले. नायट्राइटसारखा अस्थिर घटक आणि मर्क्युरस पारा एकत्र टिकतात, ही नवी गोष्ट होती. १८९६ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि रे यांचे नाव युरोपात पोहोचले.

पुढची अनेक वर्षे ते नायट्राइट संयुगांच्या मागे लागले होते. १९०२ मध्ये त्यांनी लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात पाराअमोनियम गटातील एका नायट्राइटवर आणि त्याच्या हॅलाइड संयुगांवर निबंध प्रसिद्ध केला. धातू आणि अमोनिया यांची संयुगे हा त्या काळी रसायनशास्त्रातला सर्वांत गुंतागुंतीचा प्रांत होता.

या संयुगांचे कोडे काय होते?

धातूचा क्षार आणि अमोनिया हे दोन्ही स्वतंत्रपणे स्थिर पदार्थ आहेत. तरीही ते एकमेकांशी जोडले जातात आणि वेगळ्याच रंगाचा, वेगळ्याच स्वभावाचा पदार्थ तयार होतो. प्रयोगशाळेत अशा संयुगाला कॉम्प्लेक्स म्हणतात. कोबाल्ट क्लोराइडसोबत अमोनियाचे सहा रेणू असतील, तर संयुग पिवळसर नारिंगी दिसते. पाच असतील तर ते जांभळट होते. पहिल्यात वजनाने सुमारे ३८.२ टक्के अमोनिया असतो, दुसऱ्यात सुमारे ३४ टक्के. म्हणजे पाच की सहा या प्रश्नाचे उत्तर चार टक्क्यांच्या फरकावर अवलंबून होते. मोजणी ढिली असेल तर उत्तरच चुकते.

झुरिचमधील आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये या संयुगांची नवी उपपत्ती मांडली. धातूच्या अणूभोवती ठरावीक संख्येने रेणू किंवा आयन थेट जोडलेले असतात, ही त्यामागची कल्पना. तिच्यासाठी त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण कुठलीही उपपत्ती मांडण्याआधी संयुगात धातू किती, अमोनिया किती, हे आकडे हाती असावे लागतात.

अमोनिया मोजतात कसा?

अमोनिया हा आम्लारी आहे, तो आम्लाला उदासीन करतो. त्यामुळे किती आम्ल खर्च झाले हे कळले की अमोनिया किती होता हेही कळते. पद्धत सोपी असली तरी ती काटेकोरपणे करावी लागते.

तांब्याच्या निळ्या कॉम्प्लेक्सचे उदाहरण घेऊ. मोरचुदाच्या द्रावणात भरपूर अमोनिया घातला की गडद निळा रंग येतो. त्यातून टेट्राअमाइन कॉपर सल्फेटचे स्फटिक मिळतात. त्याचे ०.२४५७ ग्रॅम मोजून घेतले आणि सोडियम हायड्रॉक्साइडसोबत उकळले. कॉम्प्लेक्स मोडतो आणि सगळा अमोनिया वायुरूपाने बाहेर पडतो. हा वायू नळीवाटे ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ५० मिलिलिटर द्रावणात सोडतात. आम्ल मुद्दाम जास्त घेतलेले असते, म्हणजे अमोनिया निसटत नाही. शेवटी उरलेले आम्ल ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने ब्युरेटमधून थेंबाथेंबाने मोजतात. समजा, त्याला १० मिलिलिटर लागले. म्हणजे अमोनियाने ४० मिलिलिटर आम्ल खर्च केले. त्यावरून अमोनिया ६८.१ मिलिग्रॅम, म्हणजे २७.७ टक्के येतो. तांब्याच्या एका अणूमागे अमोनियाचे चार रेणू असतील, तरच हा आकडा जुळतो.

यात चुका कुठे होतात?

पहिली चूक दर्शकाच्या निवडीत होते. अमोनिया आणि तीव्र आम्ल यांच्यापासून बनलेला क्षार पाण्यात किंचित आम्लधर्मी असतो. त्यामुळे येथे मिथिल रेडसारखा दर्शक लागतो. विद्यार्थ्यांच्या ओळखीचे फिनॉल्फ्थॅलिन अल्कलीच्या बाजूला रंग बदलते. ते वापरले तर अमोनियम क्षारही अल्कली खाऊ लागतो आणि आकडा फसतो. दुसरी चूक गळतीची. बूच सैल असेल तर वायू हवेत जातो आणि अमोनिया कमी भरतो. तिसरी चूक नमुन्याची. हे निळे स्फटिक उघडे राहिले तर हळूहळू अमोनिया गमावतात.

प्रत्येक धातूचा स्वभावही वेगळा असतो. तांब्याचा कॉम्प्लेक्स आम्ल घालताच मोडतो. कोबाल्टचा मात्र थंड आम्लाला दाद देत नाही. त्याला अल्कलीत बराच वेळ उकळावे लागते. त्यामुळे एकाला लागू पडलेली कृती दुसऱ्याला डोळे मिटून लावता येत नाही.

मग पाऱ्याचे प्रकरण वेगळे का?

तांबे किंवा कोबाल्टच्या कॉम्प्लेक्समध्ये अमोनियाचा रेणू अखंड असतो. पारा मात्र अमोनियातील हायड्रोजनला हटवून थेट नायट्रोजनलाच चिकटतो. रे ज्या गटावर काम करत होते, त्यात अमोनियाचे मूळ रूपच शिल्लक राहत नाही. असे संयुग नुसते अल्कलीत उकळून नायट्रोजन सुखासुखी सुटत नाही.

अशा वेळी पाऱ्याला दुसरीकडे गुंतवावे लागते. त्या काळी त्वचेच्या मलमात वापरली जाणारी अमोनिएटेड मर्क्युरी ही पांढरी भुकटी तपासताना हीच युक्ती वापरली जाई. ती पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात विरघळवली की आयोडाइड पाऱ्याला स्वतःशी बांधून घेते. अमोनिया मोकळा होतो आणि सोबत तेवढीच अल्कलीही तयार होते. दोन्ही मिळून किती आम्ल लागले, यावरून औषध किती शुद्ध ते ठरते. पारा विषारी असल्याने ही मलमे आता वापरातून गेली आहेत.

आम्ल-अल्कलीच्या मापनाची एक मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. अमोनिया किती आहे हे ते सांगते, पण तो संयुगात कसा रचलेला आहे हे सांगत नाही. त्यासाठी वेर्नर यांना विद्युतवाहकता आणि एकाच सूत्राचे वेगवेगळे प्रकार यांचा आधार घ्यावा लागला.

अमोनियम नायट्राइटचा गाजलेला प्रयोग कोणता?

अमोनियम नायट्राइट तापवले की त्याचे नायट्रोजन आणि पाणी होते, हे शालेय पुस्तकातही असते. त्यामुळे त्याची वाफ मिळणे शक्य नाही, असे मानले जाई. रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध नायट्राइट कमी दाबाखाली, जपून तापवले आणि त्याच्या वाफेची घनता मोजली. १९१२ मध्ये लंडनमध्ये हे काम मांडल्यावर विल्यम रॅम्झी यांच्यासारख्या नोबेल विजेत्याने त्याचे कौतुक केले.

कारखाना काढण्याची गरज काय होती?

शिकलेला तरुण सरकारी कारकुनीच्या मागे धावतो आणि औषधे मात्र विलायतेहून येतात, ही गोष्ट रे यांना सलत होती. १८९२ मध्ये सुमारे ७०० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी कोलकात्यातील ९१, अप्पर सर्क्युलर रोड येथील राहत्या घरात औषधे बनवायला सुरुवात केली. फॉस्फेटसाठी लागणारी जनावरांची हाडे त्यांनी घराच्या गच्चीवर वाळत घातली. कावळे जमले आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली. १९०१ मध्ये या उद्योगाची बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स ही मर्यादित कंपनी झाली. ही कंपनी पुढे केंद्र सरकारच्या मालकीची झाली. देशी औषध खपवायचे तर ते विलायती औषधाच्या तोडीस तोड शुद्ध असल्याचे सिद्ध करावे लागे. त्यामुळे कारखान्यातही पृथक्करणाला पर्याय नव्हता.

गांधीजींशी ओळख कोणी करून दिली?

गोपाळ कृष्ण गोखले यांनी. १९०१ च्या अखेरीस गांधीजी कोलकात्यात गोखले यांच्याकडे राहिले होते. रे शेजारीच राहत आणि वरचेवर गोखले यांच्याकडे येत. त्यांना तेव्हा महिना ८०० रुपये पगार होता. त्यातले ४० रुपये ते स्वतःसाठी ठेवत आणि बाकीचे सार्वजनिक कामांना देत, अशी नोंद गांधीजींनी आत्मकथेत केली आहे. जानेवारी १९०२ मध्ये अल्बर्ट हॉलमध्ये दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या प्रश्नावर गांधीजींची सभा झाली. ती घडवून आणण्यात रे यांचा पुढाकार होता.

विदर्भाशी संबंध कधी आला?

१९२० मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचे सातवे अधिवेशन नागपुरात भरले. त्याचे अध्यक्ष रे होते. त्याच वर्षी डिसेंबरात नागपुरातच राष्ट्रीय सभेचे अधिवेशन झाले आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. त्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष वर्ध्याचे जमनालाल बजाज होते. विज्ञान आणि स्वराज्य हे दोन प्रवाह एकाच वर्षी, एकाच शहरात येऊन गेले. रे यांच्या आयुष्यातही ते पुढे एकत्र आले.

१९२१ मध्ये वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी पुढचा पगार घेणे थांबवले आणि तो कोलकाता विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या कामासाठी सोडून दिला. खुलन्याचा दुष्काळ आणि १९२२ चा उत्तर बंगालमधील महापूर यांत त्यांनी मदतकार्य उभारले. खेड्यातील माणसाला शेतीचे काम नसलेल्या महिन्यांत मिळकत हवी, हे त्यांनी तेथे पाहिले. सुरुवातीला चरख्याविषयी साशंक असलेले रे त्यानंतर खादीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. बंगाल केमिकलमधील त्यांचे उजवे हात सतीशचंद्र दासगुप्ता यांनीही कारखाना सोडला आणि खादी प्रतिष्ठान उभे केले.

यावर सर्वांचे एकमत होते का?

नव्हते. टागोर चरख्याबाबत उदासीन आहेत, अशी जाहीर टीका रे यांनी केली. टागोरांनी १९२५ मध्ये लेख लिहून त्याला उत्तर दिले. सर्वांनी एकच कृती यांत्रिकपणे करावी, हे त्यांना मान्य नव्हते. दोघेही १८६१ चे, दोघेही बंगालचे. वाद तीव्र होता, पण नऊ वर्षांनी वर्ध्याच्या संघाच्या सल्लागारांत दोघांचीही नावे होती.

वर्ध्याचा संघ काय करत होता?

जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि इमारत संघाला दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. घाणी, हातसडी, हातकागद, मधमाशीपालन, गूळ, साबण अशा उद्योगांची अवजारे आणि पद्धती सुधारणे हे त्यांचे काम. १९३८ च्या अखेरीस तेथे मगन संग्रहालय सुरू झाले. ग्रामीण माल केवळ भावनेवर विकत घेऊ नये, तो तपासलेला आणि पोषक असावा, हा आग्रह तेथे होता. सल्लागारांत रसायन, भौतिकशास्त्र, वैद्यक, पोषण अशा विषयांतले जाणकार असण्याचे कारण हेच.

रे यांच्यानंतर काय उरले?

रे १९१६ पासून कोलकात्याच्या सायन्स कॉलेजात पालित प्राध्यापक होते. ते अविवाहित होते आणि कॉलेजच्याच एका खोलीत राहत. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष हे त्यांचे विद्यार्थी. दुसरे एक विद्यार्थी प्रियदारंजन रे यांनी भारतात धातूंच्या कॉम्प्लेक्सच्या अभ्यासाचा पाया घातला. १६ जून १९४४ रोजी प्रफुल्लचंद्रांचे निधन झाले. २०११ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने त्यांच्या स्मरणार्थ मानाचा फलक दिला.

मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करते. आणि अमोनिया मोजण्याची ती जुनी रीत वर्धा जिल्ह्याच्या शिवारातही अप्रत्यक्षपणे पोहोचलेली आहे. कपाशी किंवा सोयाबीनसाठी आणलेल्या ५० किलो डीएपीच्या पोत्यावर १८ टक्के नायट्रोजन छापलेला असतो. म्हणजे पोत्यात ९ किलो नायट्रोजन हवा, आणि त्यातला बहुतांश अमोनियाच्या रूपात. तो खरोखर तेवढा आहे का, हे खत तपासणी प्रयोगशाळेत अल्कलीसोबत उकळून, वायू आम्लात धरून, ब्युरेटने मोजून ठरवता येते. आकडा कमी आला तर नमुना अप्रमाणित ठरतो. शेतकऱ्याने मोजलेले पैसे आणि पोत्यातला माल यांचा ताळा अखेर त्याच थेंबांवर बसतो.